गडगा, जाळी आणि साखळी

परवा रत्नागिरीच्या बाजारात जाळी बघायला गेलो होतो. जाळी म्हणजे कुंपणाची. दुकानदार ओळखीचा. त्याने नेहमीप्रमाणे आधी चौकशी केली, "गुरांसाठी हवी की माकडांसाठी?"

म्हटलं, "कुत्रीसाठी."

"कुत्री आत येऊ नयेत म्हणून?"

"नाही हो. आमची बाहेर जाऊ नये म्हणून."

त्यावर तो जो काही हसला! मग मागे खुंटीला लटकवलेल्या साखळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "अहो काका, मग ही न्या की. दोन-तीनशे रुपयांत काम भागतंय. जाळीचं बिल कशाला करताय?"

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे कुंपण घालतात ते बाहेरच्याला अडवायला. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात, ती बागेत शिरू नयेत म्हणून. वानर, माकडं, रानडुकरं यांच्यासाठी. आणि शेजाऱ्यासाठीही, हे उघड कोणी बोलत नाही एवढंच. गडगा, वई, बेडं हे आपले सगळे शब्द बाहेरच्याला 'इथवरच' असं सांगणारे आहेत. आतल्याने बाहेर जाऊ नये यासाठी आपण एकच वस्तू वापरत आलो. ती म्हणजे दावं. गुरांना दावं, कुत्र्याला साखळी. नाहीतर मग कुत्रा मोकळा, सगळ्या वाडीचा. सकाळी आपल्याकडे, दुपारी शेजारच्या आत्यांकडे, रात्री कुठे असेल ते त्यालाच माहीत.

मी या दोन्ही पद्धती करून पाहिल्या आहेत. दोन्ही वेळा चुकलो. म्हणूनच हे लिहायला बसलो.

आमचा वाघ्या सहा वर्षं मोकळा होता. गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान कायम पडलेला. आमचं घर पावसच्या रस्त्यापासून थोडं आत आहे. पूर्वी या रस्त्याला दिवसातून मोजून गाड्या जायच्या. आता शनिवार-रविवारी पर्यटकांची रांग लागते आणि एरवीही मोटरसायकली सुसाट असतात. वाघ्याला मोटरसायकलीचं काय वावडं होतं देव जाणे. एक दिवस तो एकाच्या मागे धावला, पोरगा गडबडला आणि खडीवर पडला. गुडघा फुटला, हात खरचटला. नशीब की डोकं वाचलं. त्याचे वडील घरी आले. भांडायला नव्हे, नुसते येऊन ओटीवर बसले आणि म्हणाले, "बांधून ठेवा हो त्याला. आज गुडघ्यावर निभावलं." त्या माणसाला मी काय उत्तर देणार होतो?

दुसऱ्या दिवशी साखळी आणली. मागच्या परसात माडाला बांधली. चार फुटांची. सुरुवातीला वाघ्या दिवसभर ओरडायचा, मग नुसता फेऱ्या घालायचा. माडाभोवती त्याच्या पायांनी एक गोल पडला, त्यात गवतही उगवायचं बंद झालं. सकाळ-संध्याकाळ फिरवायचं ठरलं होतं. पण ठरलेलं किती दिवस चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. पावसाळ्यात तर नाहीच.

२०१८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली. मध्यरात्रीनंतर केव्हातरी एक आवाज आला. भुंकणं नव्हे, अर्ध्यात तुटलेला आवाज. बॅटरी घेऊन बाहेर जाईपर्यंत सगळं शांत होतं. साखळी माडाला तशीच होती, तिच्या टोकाला रिकामा पट्टा.

सकाळी चिखलात ठसे दिसले. आमच्या पंचक्रोशीत बिबट्या काही नवा नाही, तेव्हा कुणाला विचारायची गरज नव्हती. तरीही वन खात्याचा एक माणूस येऊन बघून गेला. जाताना सहज बोलावं तसा बोलला, "बांधलेला होता ना? मग त्याला पळायला वावच नव्हता."

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. पोराचा गुडघा फुटला तेव्हा वाघ्या मोकळा होता आणि वाघ्या गेला तेव्हा बांधलेला होता. दोन्ही वेळा दोष कुत्र्याचा नव्हता.

नंतर याबद्दल थोडं वाचलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या (नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. तिथे ऊस आहे, वस्त्या आहेत आणि बिबटेही आहेत. त्यांना आढळलं की बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव किंवा माणसाच्या आधाराने राहणाऱ्या जनावरांचा आहे आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या आजूबाजूला कितीतरी जास्त असूनही कुत्राच जास्त खाल्ला जात होता. कारण सरळ आहे. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रा बाहेर असतो. आमच्याकडचं रान वेगळं, इथे ऊस नाही. पण कुत्रा मात्र इथेही रात्री बाहेरच असतो.

तर आता आमच्याकडे ठिपकी आहे. भाट्याच्या पुळणीवर सापडलेली, मुलीने पिशवीत घालून आणलेली. ती आली त्या दिवशी आईने एकच अट घातली, "माडाला बांधणार असशील तर आत्ताच सोडून ये." आई ८१ वर्षांची आहे. तिच्या तोंडून अशी अट येईल असं वाटलं नव्हतं, कारण आमच्या लहानपणी घरातली सगळी कुत्री तिनेच बांधलेली.

म्हणजे राहिलं कुंपण. आणि कुंपण म्हटल्यावर कुठलं, हा प्रश्न आला. यात मी बरेच महिने घालवले, चार ठिकाणी जाऊन बघितलं, काही पैसे वायाही घालवले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला आपला गडगा. जांभ्याचे दगड एकावर एक रचून, मध्ये चुना-सिमेंट काही नाही. दिसायला याच्यासारखं कुंपण नाही, पावसात शेवाळं आणि नेचे उगवले की डोळे निवतात. गुरांना उत्तम. कुत्र्याला मात्र तो जिना आहे! छातीभर उंचीचा गडगा गावठी कुत्रा दगडादगडावर पाय देत दोन ढांगांत चढतो आणि वर बसून तुमच्याकडेच बघतो. शिवाय गडग्याच्या फटींत फुरसं असतं. ठिपकीसारखं नाक खुपसणारं जनावर असेल तर ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. घरच्या बाजूचा जुना गडगा मी पाडलेला नाही. त्याच्या आतून जाळी घेतली आणि मधली जागा साफ ठेवतो.

दुसरी चिऱ्याची भिंत. सिमेंटात बांधलेली, पाच-सहा फुटी. कुत्र्यासाठी सगळ्यात भक्कम हीच. बाहेरचं काही दिसत नसल्याने कुत्रा भुंकतोही कमी. पण खर्च डोळे पांढरे करणारा. आणि आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारं पाणी उतारावरून येतं, त्याला वाट ठेवावी लागते. नाहीतर भिंत जाते. म्हणून खाली मोऱ्या ठेवतात आणि कुत्रं नेमकं त्याच मोरीतून बाहेर पडतं. माझ्या मामेभावाने हौसेने भिंत बांधली आणि पहिल्या आठवड्यात त्याचं पिल्लू मोरीतून पऱ्ह्यात गेलं. मिळालं, पण शोधायला तीन तास लागले. मोरीला लोखंडी गज किंवा जाळी हवीच. गजात पाचोळा अडकतो, तो पावसाळ्यात रोज काढावा लागतो. हे काम कोण करणार ते भिंत बांधायच्या आधी ठरवा.

तिसरी काटेरी तार. स्वस्त, म्हणून सगळीकडे दिसते. कुत्र्यासाठी माझ्या मते अजिबात नको. दोन तारांमधून कुत्रा निघून जातोच, जाताना पाठ फाडून घेतो. पावसाळ्यात त्या जखमेत अळ्या पडतात आणि मग पंधरा दिवस तुम्ही आणि औषध. भिंतीवर काचा लावण्याबद्दलही हेच म्हणेन.

चौथी वई, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण. मेंदी, अडुळसा, निगडी, करवंद. चार-पाच वर्षांत दाट होते, पण बुंध्याशी मोकळीच राहते आणि कुत्रं बुंध्याशीच असतं. नुसत्या वईवर विसंबू नका. जाळीला जोड म्हणून मात्र फार चांगली. रस्ता दिसेनासा होतो, धूळ कमी येते आणि भुंकणं अर्ध्यावर येतं. शेर लावणार असाल तर त्याच्या चिकाने डोळ्यांना फार त्रास होतो, तेव्हा तो कुत्र्याच्या आणि पोरांच्या बाजूला नको.

पाचवा प्रकार झटक्याच्या तारेचा, सौर कुंपण म्हणतात ते. यात यंत्र बॅटरीवरून अगदी क्षणभराचा झटका ठरावीक अंतराने तारेत सोडतं. जनावर दचकतं, मरत नाही. रानडुकरांसाठी शेतकरी लावतात, त्यात मी काही बोलणार नाही. पण अंगणात, घरच्या कुत्र्यासाठी आणि जिथे लहान पोरं खेळतात तिथे? मला पटत नाही. शिवाय आपल्याकडे पावसात गवत कमरेएवढं वाढतं, ते तारेला टेकलं की झटक्याची ताकद उतरते. म्हणजे ज्या चार महिन्यांत जास्त गरज त्याच महिन्यांत भरवसा कमी. आणि एक सांगून ठेवतो, घरातली वीज थेट तारेत सोडणं हा प्रकार वेगळा आणि तो जीव घेतो. त्याने माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तो कोणी सुचवला तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

सहावा प्रकार मी फक्त ऐकला आहे. माझी चुलतबहीण न्यू जर्सीला असते. ती फोनवर म्हणाली, "दादा, आमच्याकडे कुंपण दिसतच नाही." जमिनीखाली तार पुरतात, कुत्र्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा. कुत्रा हद्दीजवळ गेला की आधी आवाज येतो, पुढे गेला तर मानेला झटका. अमेरिकेत हे १९७० च्या दशकापासून चालू आहे. उलट वेल्सने २०१० मध्ये असे झटक्याचे पट्टे वापरायला बंदी घातली. झटका द्यावा की देऊ नये हा वाद बाजूला ठेवला तरी आपल्याकडे त्याचा उपयोग काय? ती तार आपल्या कुत्र्याला अडवते, बाहेरून येणाऱ्याला नाही. पिसाळलेलं कुत्रं आत आलं तर त्याच्या गळ्यात कुठे पट्टा आहे? आणि आपला कुत्रा एकदा जोशात झटका सोसून बाहेर पडला की परत येताना त्याला तोच झटका बसणार. म्हणजे तो बाहेरच राहणार.

म्हणून शेवटी मी साध्या विणलेल्या जाळीवर आलो. तीही बघून घ्यावी लागते. तारेचा गेज सांगतात त्यात आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे मला आधी उलटंच वाटायचं. १२ पेक्षा १० गेज जाड. भोक दोन इंचांच्या आसपास हवं. चार इंची भोकात पिल्लाचं डोकं जातं आणि परत येत नाही. आणि जस्ताचा मुलामा चांगला जाड हवा, कारण आपली हवा खारी. समुद्राच्या जवळ असाल तर प्लास्टिकचं वेष्टण असलेली जाळी घ्या. माझ्या एका स्नेह्याने मिऱ्याला स्वस्तातली जाळी घातली, तीन पावसाळ्यांत ती हाताने तुटायला लागली.

उंची पाच फुटांच्या खाली नको, सहा असेल तर उत्तम. वरचा फूटभर भाग आतल्या बाजूला कललेला असला की चढणारा कुत्रा तिथे अडतो. हे सगळं करून आम्ही पहिल्या महिन्यात फसलोच. जाळीला लागून नारळाच्या सोडणांचा ढीग होता. ठिपकी त्यावर चढली आणि पलीकडे! कुंपणाची उंची जमिनीपासून मोजायची नसते, जवळ ठेवलेल्या सगळ्यात उंच वस्तूपासून मोजायची, हे तेव्हा कळलं. लाकडं, सोडणं, पाण्याची टाकी सगळं चार हात आत घेतलं.

खालचा भाग जमिनीवर अवलंबून आहे. आमच्या घराची वरची बाजू कातळाची. तिथे कुत्र्याला उकरता येत नाही, पण खांबासाठी खड्डे पाडतानाही माणसं रडतात. खालची बाजू आगराची, मऊ माती. तिथे ठिपकीने अर्ध्या तासात बोगदा काढला. मग जाळीच्या खाली चिऱ्याचा एक थर जमिनीत गाडून घेतला आणि जाळी त्यात बसवली. तेव्हापासून उकरणं बंद. सगळीकडे एकच पद्धत चालेल असं समजू नका, आपल्या जागेवर एकदा पावसात आणि एकदा उन्हात फिरून या.

आणि सगळी जमीन कुंपणात घ्यायची काहीही गरज नाही. आमची वीस गुंठे आहे. आम्ही घर, अंगण आणि मागचं परस एवढंच घेतलं, दोनशे फुटांच्या आसपास जाळी लागली. एका जुन्या मोटरसायकलीच्या किमतीत काम झालं. दुसरा फायदा असा की जाळी आपल्या हद्दीच्या पुष्कळ आत राहते. रत्नागिरीत सामाईक गडग्याला हात लावायचा म्हणजे आधी वकील बघावा लागतो, ते टळलं.

पण खरी मेख फाटकाशी आहे. कुंपण कितीही चांगलं असो, ते फाटकाएवढंच चांगलं. आमचं जुनं बेडं म्हणजे आडवे बांबू, त्यातून कुत्रा काय, वासरूही जाईल. ते काढून लोखंडी फाटक केलं, खाली दोन इंचांपेक्षा जास्त फट नाही. पहिली आकडी ठिपकीने नाकाने उचलून दाखवली, मग खटका बदलला. त्यानंतर राहिली माणसं. दूधवाला, सिलिंडरवाला, वर्गणीवाले. फाटक उघडतात, लावत नाहीत, कारण आपल्याकडे फाटक लावणं म्हणजे 'येऊ नका' असं सांगणं. गणपतीत चाकरमानी आले की पाच-सात दिवस फाटक उघडंच. शिमग्याला पालखी घरी येते, तेव्हा तर ते सताड उघडं हवंच, देवाला कोण थांबवणार? त्या वेळी ढोल वाजतात, कुत्रं आधीच घाबरलेलं असतं. घाबरलेलं कुत्रं सहा फूटही उडी मारतं. म्हणून पालखी, फटाके, पाहुणे अशा दिवशी ठिपकी आतल्या खोलीत, दार लावून, मुलगी सोबतीला. फाटकाच्या आत चार फुटांवर आम्ही दुसरं छोटं दारही केलं आहे. एक उघडं राहिलं तरी दुसरं असतं. जाळीवर केलेल्या खर्चापेक्षा त्या छोट्या दाराचा उपयोग जास्त झाला.

वादळानंतर कुंपण फिरून बघायची सवय लावा. जून २०२० मधलं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते आपण विसरलेलो नाही. तेवढं मोठं नसलं तरी एक माडाची झावळ जाळी वाकवायला पुरते.

आता बिबट्याचं. इथे मला अगदी स्पष्ट सांगायचं आहे, कारण जाळी घातली की माणूस निर्धास्त होतो. सहा फुटी जाळी बिबट्याला अडवत नाही. तो सहज वरून येतो. कुंपण हे दिवसाचं आहे. रात्री कुत्रा छपराखाली, चारी बाजूंनी बंद जागेत हवा. आमच्या पडवीला आता ग्रील आहे आणि ठिपकी दिवेलागणीनंतर तिथे असते. राखणीचं काय, असं लोक विचारतात. अहो, राखण भुंकून होते. पडवीतूनही भुंकता येतं. मरून राखण होत नाही.

शेजारचे तात्या मात्र अजून नाराज आहेत. ते म्हणतात, "तुम्ही रे त्या मुक्या जनावराला डांबून ठेवलंत. आमच्या वेळी कुत्री कशी राजासारखी हिंडायची." मला त्यांचं म्हणणं हसून सोडून देता येत नाही. आपल्या या गावाला राजाच्या बंदिवासाची ओळख आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. राजवाडा केवढा, समोर खाडी आणि समुद्र किती देखणा! पण त्याला बाहेर जायची मुभा नव्हती, म्हणून तो राजवाडा तुरुंगच राहिला. मोठं अंगण दिलं की झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

म्हणून तात्यांचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. कुंपण घातलं आणि कुत्र्याला विसरलो तर ती साखळीच, फक्त लांब. ठिपकीला सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा तास मी फिरवतो, दोरी लावून, पावसातही. कंटाळलेलं कुत्रं कुंपण तोडतं, दमलेलं कुत्रं त्याच्या सावलीत झोपतं. तिचं ऑपरेशन करून घेतलंय, त्याने भटकणं कमी होतं. रेबीजची लस दर वर्षी न चुकता. कुंपण आहे म्हणून लस नको असं म्हणणारेही भेटतात. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस काय आणि कुत्रा काय, वाचत नाही. तिथे विषय संपतो.

पण तात्यांचा दुसरा अर्धा मुद्दा मला मान्य नाही. राजासारखी हिंडणारी कुत्री आपल्याला आठवतात, कारण जी गाडीखाली गेली, जी विष खाऊन गेली, ज्यांना बिबट्याने नेलं ती आपण मोजलीच नाहीत. दुसरं आणलं. रस्ता तेव्हाचा नाही, गाड्या तेव्हाच्या नाहीत. फक्त कुत्रा पाळायची आपली रीत तेव्हाची आहे.

कायदा तरी काय म्हणतो ते पाहिलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायची हयगय करणं हाही. म्हणजे वाघ्याच्या बाबतीत मी कायद्यानेही गुन्हेगार होतो! पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दंड ठेवला तो १० ते ५० रुपयांचा. उलट पाळलेल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही कलमं शेजारी ठेवली की दिसतं, मोकळा सोडला तरी जबाबदारी आपली आणि बांधून विसरलो तरी आपलीच. मधला रस्ता आपणच काढायचा.

आणि हा प्रश्न आता फक्त आमच्या अंगणाचा राहिलेला नाही. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांना भटकी कुत्री आत येऊ नयेत म्हणून कुंपण आणि फाटकं करायला सांगितलं. त्यावरून देशभर वाद झाला, दोन्ही बाजूंनी माणसं तावातावाने बोलली. मला त्यात एकच गोष्ट राहून गेल्यासारखी वाटली. भटकी म्हणतो त्यांतली कितीतरी कुत्री कुणाच्या तरी दारची असतात. दिवसातून दोनदा भाकरी मिळते, नावही असतं, फक्त लस नसते, ऑपरेशन नसतं आणि संध्याकाळी फाटक लावणारं कोणी नसतं. शाळेला कुंपण जरूर घाला. पण त्याआधी घराचं फाटक लावलं असतं तर निदान काही कुत्री त्या शाळेपर्यंत गेलीच नसती. सगळ्यांना जाळी परवडणार नाही, हे मला दिसतं. ज्याला परवडत नाही त्याने निदान अंगणात लांब तार ताणून त्यावर सरकणारी दोरी लावावी, तीही दिवसा, आणि रात्री पडवीत घ्यावं. पण ज्याच्या दारात चार चाकी उभी आहे आणि कुत्रा मात्र चार फुटांच्या साखळीवर आहे, त्याच्याशी माझं भांडण आहे. कारण तो मीच होतो.

असो. दुकानदाराकडे परवा गेलो होतो ते मागच्या बाजूचा एक तुकडा बदलायला. फणसाची फांदी पडून वाकला होता. जाळी घेतली आणि निघताना त्याला वाघ्याची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. जाळीचं भेंडोळं मात्र स्वतः उचलून रिक्षेत ठेवलं आणि म्हणाला, "काका, आमचाही एक आहे. मागच्या दारी बांधलेला असतो. किती फूट लागेल हो?"

माडाभोवतीचा तो गोल अजून दिसतो. गवत आलंय आता, पण आजूबाजूपेक्षा जरा विरळ. ठिपकी दुपारची तिथेच झोपते.